नोकरी सोडू, की एम.कॉम. सोडू?

नसांचं जुनाट दुखणं घेऊन नोकरी आणि शिक्षण दोन्ही करणारी मुलंमुली माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: दोन्ही झेपत नाही, यातलं कोणतं सोडू? प्रश्न खराच आहे. पण तो पडतो तो आठवडा बहुधा सगळ्यात वाईट असतो, आणि तशा आठवड्यात असा निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून रेणूबद्दल सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रेणू 24 वर्षांची. नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात हिशेब बघते, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर बिलं चढवते, सोबत एम.कॉम. करते. स्कूटीवरून पडली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर झालं, हाड जुळलं. दुखणं मात्र गेलं नाही, उलट वाढलं. हात कधी लाल, सुजलेला आणि गरम, तर कधी निळसर आणि गारठलेला. ओढणीचं टोक लागलं तरी आग व्हायची. डॉक्टरांनी निदान केलं, कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, म्हणजे सीआरपीएस. हाड मोडल्यावर किंवा मुरगळल्यावर काही जणांना असं होतं, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. जखम भरून येते, पण नसा आणि मेंदू धोक्याचे इशारे देणं थांबवत नाहीत, आणि ते इशारेही वाढवून देतात. दुखणं शंभर टक्के खरं असतं; फक्त त्या क्षणी हाताला नवी इजा होत असतेच असं नाही.

"एक्स-रे तर चांगला आला न मॅडम. घरचे म्हणतात, मनाचं आहे. मी काय नाटक करून राहिली?" हे तिने विचारलं तेव्हा आवाजात रडू नव्हतं, थकवा होता.

त्यात गोळीची भर. डॉक्टरांनी रात्री घ्यायला कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन दिली होती. तिने मोबाइलवर नाव टाकून पाहिलं, 'डिप्रेशनची गोळी' असं वाचलं, आणि डॉक्टरांनाही आपलं खोटं वाटतंय असं समजून गोळी स्वतःच बंद केली. असं फार जण करतात, म्हणून इथे थांबून सांगते. ही गोळी कमी मात्रेत नसांच्या दुखण्यासाठी कित्येक वर्षांपासून देतात. गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन ही मूळची फिटची औषधंही याच कामासाठी वापरली जातात. त्यांची मात्रा हळूहळू वाढवतात, गुण यायला काही आठवडे लागू शकतात, आणि ती एकदम तोडायची नसतात. सकाळी डोकं जड राहत असेल, अभ्यासाला बसवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. रेणूने सांगितलं, तर डॉक्टरांनी गोळीची वेळ रात्री थोडी अलीकडे घेतली. सकाळचा एक तास तिला परत मिळाला.

मी तिला एक वही करायला लावली. दहापैकी किती दुखलं ते त्यात लिहायचं नव्हतं. आज हाताने काय काय केलं आणि उद्या सकाळी हात कसा होता, एवढंच. दोन आठवड्यांत चित्र तिलाच दिसलं. एका रविवारी हात बरा होता, म्हणून तिने सलग चार तास नोट्स काढल्या, कपडे पिळले, आईला पोळ्याही लाटून दिल्या. सोमवारी कामावर गेली ती दुपारी परत आली. मंगळवारी गेलीच नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यातही हेच. चांगला दिवस दिसला की साठलेलं सगळं उरकायचं, आणि मग दोन-तीन दिवस आडवं व्हायचं. तिच्या नोकरीला आणि अभ्यासाला खरा फटका बसत होता तो या चांगल्या दिवसांमुळे.

मग माप बदललं. वाईट दिवशीही, दुसऱ्या दिवशी त्रास न होता, सलग किती वेळ लिहिता येतं? तिचं उत्तर आलं 12 मिनिटं. आम्ही 10 धरली. 10 मिनिटं लिहायचं, मोबाइलचा गजर वाजला की पेन खाली, मग वाचन किंवा चालणं. हात बरा असला तरी पेन खालीच. "हे तर लय हळू होऊन राहिलं," ती चिडून म्हणाली. चिडणं साहजिक होतं, वर्गातल्या मैत्रिणी पुढे जात होत्या. पण महिन्याची पानं मोजली तेव्हा आधीपेक्षा जास्त भरली, कारण आडवं पडायचे दिवस कमी झाले होते. मग दर आठवड्याला एखाद-दुसरं मिनिट वाढवत गेलो.

महिनाही असाच आखला. जीएसटीत दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या तपशिलासाठी 11 तारीख, आणि जीएसटीआर-3बी, म्हणजे एकूण गोषवारा आणि कर भरण्यासाठी 20 तारीख. त्याआधीचे दोन-तीन दिवस दुकानात हात मोकळा नसतो. त्या दिवसांत घरी लिहायचं नाही, फक्त ऐकायचं किंवा मोबाइलशी बोलून टंकून घ्यायचं. लिखाणाचा अभ्यास 21 नंतर.

आईशी वेगळं बोलावं लागलं. "राहू दे बाई, मी करते" म्हणत त्या तिला चमचाही उचलू देत नव्हत्या. माया होती, पण सीआरपीएसमध्ये हात अजिबात न वापरल्याने तो आणखी आखडतो. फिजिओथेरपिस्टने वेगवेगळ्या पोताच्या वस्तू रोज थोडा वेळ हातावरून फिरवायला सांगितल्या होत्या, म्हणजे नसांना स्पर्शाची पुन्हा सवय होते. त्यासाठी रेणूने दुकानातूनच चिंध्या आणल्या: मलमल, पॉपलिन, टेरिकॉट, आणि शेवटी गादीपाटाचा खरबरीत तुकडा. सुरुवातीला मलमलही सहन होईना. गादीपाटापर्यंत यायला बरेच महिने गेले.

सेठजींना "माझा हात फार दुखतो" असं तिने अनेकदा सांगितलं होतं. त्यावर सहानुभूती मिळायची, बाकी काही नाही. मालकाला दुखण्याचं वर्णन सांगू नये. नेमकं काय हवं आणि त्याने काम कसं अडणार नाही, ते सांगावं. तिने तीन गोष्टी मागितल्या. कूलरचा झोत थेट हातावर येतो, तो वळवा. डाव्या हाताने आकडे टाकता यावेत म्हणून वेगळा नंबर-पॅड घ्या. विवरणपत्राच्या दिवसांत मी लवकर येईन, पण संध्याकाळी सलग एन्ट्री नको. पहिल्या दोन मिळाल्या. तिसरी अर्धवट. जाण्यायेण्याला स्कूटीचे हादरे सोसत नव्हते, म्हणून ती सुभाष नगरहून अग्रसेन चौकापर्यंत मेट्रोने जाऊ लागली. पैसे जास्त लागतात, हे खरं.

परीक्षेचं बहुतेकांना माहीत नसतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकार आहेत, त्यात 'दुखणं' असा प्रकार नाही, आणि 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र अशा रुग्णांना सहसा मिळत नाही. म्हणून अनेक जण अर्जच करत नाहीत. पण लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितलं की लेखनिकाची, म्हणजे परीक्षेत आपण सांगू ते लिहून देणाऱ्याची, सोय फक्त 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्यांपुरती ठेवता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असणाऱ्या उमेदवारांसाठीही नियम काढले. त्या नियमांत लेखनिक किंवा तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ होता. सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात 'वेदना आहे' यापेक्षा 'सलग लिहिता येत नाही' हे स्पष्ट असावं लागतं. आपल्या परीक्षेचे चालू नियम पाहून, फॉर्म भरतानाच अर्ज द्यावा.

एक गोष्ट मी जुनाट दुखणं असलेल्या प्रत्येकाला सरळ विचारते: जगणं नको असं वाटतं का? रेणू बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "रात्री वाटते कधी कधी." आम्ही त्यावर मोकळेपणाने बोललो, तिच्या परवानगीने आईला कळवलं, डॉक्टरांनाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक तिने मोबाइलमध्ये ठेवला. तो मोफत आहे आणि दिवसरात्र चालतो. तुम्हालाही तसं वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा.

हिवाळी परीक्षेला तिने चारपैकी दोनच पेपर दिले, स्वतःच्या हाताने. दोन्हींत पास झाली. उरलेल्या दोन पेपरांसाठी प्रमाणपत्राची धावपळ चालू आहे, नोकरीही चालू आहे. पुढच्या भेटीत आम्हाला मार्चचं ठरवायचं आहे, कारण वर्षअखेरीचे हिशेब आणि नागपूरचं ऊन तिच्यासाठी एकदमच येतात.