सांडपाणी बंद केलं, तरी उथळ तलावाचं पाणी हिरवंच का राहतं?

कारण सांडपाण्यातून वर्षानुवर्षं आलेला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खाद्य, तळाच्या गाळात मुरलेला असतो. गाळातला प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटतो आणि पाण्यात येतो. उथळ तलावात तर वाऱ्याच्या लाटाही तळ ढवळतात. शेवाळ पुन्हा माजतं, पाणी गढूळ होतं, ऊन खाली पोहोचत नाही. मग गाळ धरून ठेवणाऱ्या पाणवनस्पतीही मरतात.

स्वीडनमधल्या वेक्शो शहराजवळचा ट्रुमेन तलाव बघा. सांडपाणी १९५०च्या दशकाच्या अखेरीस वळवलं, पण दहा वर्षं फरक पडला नाही. १९७०-७१मध्ये वरचा गाळ उपसला, तेव्हा कुठे पाणी निवळलं. म्हणून नुसती जलपर्णी काढण्यावर पैसा घालवू नका. आधी नाले वळवा, मग गाळातला फॉस्फरस मोजून उपसा ठरवा. नाले चालू असताना गाळ काढणं म्हणजे पैसे पाण्यात.