रँकिंग आहे, पण जागा आहे का? : अमेरिकी कॉलेज टेनिसची प्रश्नोत्तरे

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) अठरा वर्षांखालील यादीत पहिल्या शंभरात आहे. एका कन्सल्टंटचं म्हणणं, 'अमेरिकेत शंभर टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो. आधी काही देऊ नका, मिळाली की तिच्या दहा टक्के द्या.' सही करावी का? (एक वडील, कोल्हापूर)

करू नका. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएच्या नियमांत हे बसत नाही. शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी घेणारा माणूस त्यांच्या लेखी एजंट ठरतो आणि त्यामुळे तुमच्या मुलाची पात्रताच धोक्यात येते. ठरावीक फी घेऊन ईमेल लिहायला, कागदपत्रं लावायला मदत करणारा चालतो. म्हणजे 'काम झालं तरच पैसे' हा ऐकायला सगळ्यात सोयीचा करार इथे सगळ्यात घातक आहे.

आता त्या 'शंभर टक्के'कडे येऊ. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनमधल्या (एनसीएएच्या तीन गटांतल्या सगळ्यात वरच्या) मुलांच्या टेनिस संघाला जास्तीत जास्त साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या. त्या आठ-दहा मुलांत वाटल्या जायच्या, कुणाला सत्तर टक्के, कुणाला नुसती पुस्तकं. मुलींच्या संघाला मात्र आठ पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या. 'अमुकच्या मुलीला सगळं फुकट मिळालं' ही गोष्ट खरी असते आणि तरीही ती तुमच्या मुलाला लागू होत नाही, ती यामुळे. जून २०२५ मध्ये कोर्टाने हाउस खटल्यातली (खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएवर झालेल्या दाव्यातली) तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात दहाच खेळाडू अशी मर्यादा आली. कागदावर आता दहाही जणांना पूर्ण पैसे देता येतात. पण त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे वाटायची मुभाही दिली आणि त्यातला मोठा घास अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. टेनिसच्या ताटात किती पडतं, हे प्रत्येक विद्यापीठागणिक वेगळं.

मला वाटतं, आपल्याकडचे पालक इथेच चुकतात. शिष्यवृत्ती म्हणजे आजवरच्या पराक्रमाचं बक्षीस, अशी त्यांची समजूत असते. कोचच्या दृष्टीने ती भरती असते. कॉलेजच्या सामन्यात सहा एकेरी लढती होतात, प्रत्येकीचा एक गुण. दुहेरीच्या तीन लढतींचा मिळून एकच गुण. एकूण सात, चार जिंकले की सामना खिशात. कोच बघतो की मे महिन्यात पदवी घेऊन कोण बाहेर पडतंय आणि चौथ्या क्रमांकावर कोण उभा राहील. त्याला दुहेरीत डावखुरा हवा असेल, तर तुमच्या मुलापेक्षा वरच्या रँकिंगचा उजवा खेळाडूही घरी बसतो.

तेव्हा कन्सल्टंटला नाही, कोचला विचारा. पुढच्या वर्षी किती जागा सुटतायत? याला कितव्या क्रमांकावर खेळवाल? रक्कम किती वर्षांसाठी लेखी देणार? खेळाडूला एका विद्यापीठाशी बांधणारं 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता आर्थिक मदतीचा करार हाच खरा कागद. तो ओळ न ओळ वाचा.

एआयटीएचा क्रमांक तिकडच्या कोचला फारसं काही सांगत नाही. तो यूटीआर आणि वर्ल्ड टेनिस नंबर (खेळाची पातळी दाखवणारे जागतिक आकडे) आणि आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ज्युनियर स्पर्धांचे निकाल बघतो. ईमेल मुलाने स्वतः लिहावा. सोबत निवडक विनर्सची फीत नको, काटछाट न केलेला आख्खा सेट पाठवा, डबल फॉल्टसकट. अमेरिकी पद्धतीच्या दहावीनंतरच्या १५ जूनपासून कोच उत्तर देऊ शकतात, म्हणजे तुमच्या मुलासाठी दार आधीच उघडलंय.

मी बारावीत आहे. परीक्षा झाल्यावर एक वर्ष ड्रॉप घेऊन फक्त आयटीएफ स्पर्धा खेळले तर रँकिंग सुधारेल आणि मोठं कॉलेज मिळेल, असं सर म्हणतात. बरोबर आहे का? (नाशिक)

रँकिंग कदाचित सुधारेल, पण खेळायचं वर्ष जाईल. डिव्हिजन वनमध्ये टेनिसचा नियम इतर बहुतेक खेळांपेक्षा कडक राहिला आहे. शालेय शिक्षण संपल्यापासून सहा महिने मोकळीक मिळते. त्यानंतरही कॉलेजात दाखल न होता स्पर्धा खेळत राहिलीस तर एक हंगाम वजा होतो आणि कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष संघाबाहेर काढावं लागतं. तुझे सर ज्या 'मोठ्या कॉलेज'बद्दल बोलतायत, तिथला कोच वर्षभर न खेळू शकणाऱ्या मुलीवर दहातली एक जागा कशाला अडवेल?

यातून मधला मार्ग निघतो. बारावीनंतर मेपासून शरद ऋतूपर्यंत मनसोक्त खेळ आणि जानेवारीच्या सत्राला दाखल हो. संघांमधले सामने जानेवारी ते मे या काळातच होतात, त्यामुळे ऐन हंगामात पोचणारी खेळाडू काही कोचना हवीच असते. पात्रतेच्या वर्षांचे नियम सध्या बरेच हलतायत, तेव्हा तुझ्या प्रवेशाच्या वर्षाला कोणता नियम लागू आहे हे विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसकडून (नियमांचं पालन बघणाऱ्या कार्यालयाकडून) लेखी घे.

आणि अभ्यासाचं. ते फक्त बारावीचे गुण बघत नाहीत, नववीपासूनची चारही वर्षं मोजतात. सोळा मुख्य विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ची सरासरी लागते. गणित तीन वर्षांचं लागतं. तू कॉमर्स किंवा आर्ट्सला असशील आणि गणित सोडलं असशील, तर आजच एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरची यादी तपास. एसएटीची अट एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये काढली, पण एखादं विद्यापीठ स्वतःहून ती परीक्षा मागू शकतं.

आम्ही पंचवीस वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगी इथेच जन्मली, इथेच खेळली. जिथे अर्ज करावा तिथल्या संघात स्पेन, चेक रिपब्लिक, अर्जेंटिना, आता भारतसुद्धा! आम्ही इथे कर भरतो आणि जागा बाहेरच्यांना, हे न्याय्य आहे का? (एक आई)

तुमची चिडचिड खोटी नाही. डिव्हिजन वन टेनिसमध्ये निम्म्याहून बरेच जास्त खेळाडू परदेशी आहेत, मुलांतही आणि मुलींतही. हे आजचंही नाही. १९६२ मध्ये मेक्सिकोच्या राफाएल ओसुनाने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळून एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद घेतलं. १९९५ मध्ये महेश भूपतीने मिसिसिपीकडून लेबनॉनच्या अली हमादेहबरोबर दुहेरीचं. २००७ आणि २००८ मध्ये व्हर्जिनियाचा सोमदेव देववर्मन सलग दोनदा एकेरीचा विजेता ठरला, पहिल्यांदा अंतिम फेरीत जॉन इस्नरला हरवून. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हेही खरं.

असं का होतं? कोचची नोकरी निकालावर असते आणि परदेशी खेळाडूंच्या संख्येवर एनसीएएची मर्यादा नाही. युरोपात विद्यापीठ आणि उच्च दर्जाचा खेळ एकत्र देणारी व्यवस्था जवळपास नाहीच. तिथल्या अठरा वर्षांच्या मुलीपुढे दोनच वाटा असतात, एकतर पदरचे पैसे घालून छोट्या स्पर्धा खेळायच्या, नाहीतर अमेरिका. ती क्लेवर शेकडो सामने खेळून आलेली असते, मोठ्या बायकांबरोबर हरलेली असते. कोचला तयार माल मिळतो.

सरकारी विद्यापीठांबाबत तुमचा कराचा मुद्दा मला पटतो. राज्याच्या पैशावर चालणाऱ्या संघात त्या राज्याची एकही मुलगी नसावी, हे मला खटकतं आणि तिथे थोडीफार मर्यादा आली तर मी विरोध करणार नाही. पण तुमच्या मुलीचा यापेक्षा मोठा स्पर्धक आता ट्रान्स्फर पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत) आहे. बावीस वर्षांची, तीन हंगाम खेळलेली मुलगी एका क्लिकवर मिळत असेल, तर सतरा वर्षांच्या मुलीला दोन वर्षं घडवायचा धीर कोचकडे कुठून येणार? ती बावीस वर्षांची मुलगी ओहायोची असो की ब्रातिस्लाव्हाची, जागा तुमच्या मुलीचीच जाते. परदेशी खेळाडूंवर बंदी घालून हे सुटत नाही.

तुमच्या मुलीकडे मात्र एक हुकमाचा पत्ता आहे. राज्यातल्या विद्यार्थिनीची फी कमी असते आणि चांगले गुण असतील तर अभ्यासाची शिष्यवृत्ती वेगळी मिळते. जिथे टेनिसचं बजेट तुटपुंजं आहे, तिथे ती कोचला स्वस्तात पडते. हे पत्रात स्पष्ट लिहायला लाजू नका. शिवाय डिव्हिजन थ्रीकडे तुच्छतेने बघू नका. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नाही, हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्येही नाही. पण डिव्हिजन थ्रीत परदेशी खेळाडू बरेच कमी आहेत आणि वरचे संघ डिव्हिजन वनच्या मधल्या संघांना घाम फोडतील असे आहेत.

आयटीएफच्या स्पर्धांत मिळालेले पैसे घेतले तर 'प्रोफेशनल' ठरतो का?

सरसकट नाही. कॉलेजआधी वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंतची बक्षिसं टेनिसपटूला घेता येत, त्यापुढे खर्चाच्या पावत्यांपुरतीच, अशी पद्धत बरीच वर्षं होती; आज काय लागू आहे ते विद्यापीठाला विचारून घ्या. हा नियम किती जाचक होता ते नॉर्थ कॅरोलायनाच्या रीस ब्रँटमायरने २०२४ मध्ये एनसीएएवर दावा ठोकला तेव्हा सगळ्यांना कळलं. २०२१च्या यूएस ओपनची बरीचशी कमाई तिला सोडावी लागली होती. एकूण पंधरा हजार डॉलर बक्षिसांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्या आपल्या पोरांना ही चिंता नाही, तिथे मिळालेल्या पैशांत हॉटेलचं बिलही निघत नाही. पण प्रत्येक पावती जपा.

कॉलेजला गेला की व्यावसायिक टेनिस संपलं, असं अकादमीत सांगतात. (पुणे)

मुलगा कॉलेजला गेला की असं सांगणाऱ्या अकादमीची फीही थांबते, हे लक्षात घ्या! ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघाय मास्टर्सच्या अंतिम फेरीत व्हॅलेंटिन वाशेरो आणि आर्थर रिंडरक्नेक हे मावसभाऊ-आतेभाऊ छापाचे दोन नातलग समोरासमोर होते. दोघेही टेक्सास ए अँड एमचे माजी खेळाडू. जिंकलेला वाशेरो तेव्हा जगात दोनशेच्याही बाहेर होता. त्याच विद्यापीठाकडून खेळलेल्या आपल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून पुढे व्यावसायिक दुहेरीत गेला. वेक फॉरेस्टच्या दक्षिणेश्वर सुरेशने सप्टेंबर २०२५ मध्ये डेव्हिस कपमध्ये स्वित्झर्लंडच्या जेरोम किमला त्याच्याच देशात हरवलं. २०२३ पासून कॉलेज रँकिंगमधल्या वरच्या मुलांना चॅलेंजर (मुख्य एटीपी दौऱ्याच्या खालच्या पायरीवरच्या) स्पर्धांत राखीव जागाही मिळू लागल्या आहेत.

मात्र सतराव्या वर्षी एटीपी क्रमांक झपाट्याने वर चढत असेल आणि पाठीशी पैसे असतील, तर कॉलेज न करणं शहाणपणाचं असू शकतं. अशी मुलं देशात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात.

तिकडे खेळाडूंना जाहिरातींचे पैसे मिळतात म्हणे. आमच्या मुलीलाही मिळतील का?

त्यावर घरचं अंदाजपत्रक मांडू नका. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करून कमावणं जवळपास बंद असतं. संघातली अमेरिकी मैत्रीण रॅकेटच्या दुकानासाठी रील करून पैसे घेईल, तुमच्या मुलीने तेच केलं तर व्हिसा अडचणीत येईल. कुणी 'सगळे करतात' म्हणालं तरी आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारायचं.

उलट एक खर्च बहुतेकांच्या हिशेबात नसतो. शिष्यवृत्तीतल्या शिकवणी फीवर कर नाही, पण राहण्या-जेवणाच्या रकमेवर परदेशी विद्यार्थ्याकडून साधारण १४ टक्के कर कापला जातो. व्हिसाआधीची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर आणि विमानाचं तिकीट वेगळं. 'पूर्ण शिष्यवृत्ती' असली तरी पहिल्या वर्षासाठी काही लाख रुपये बाजूला काढून ठेवा.