शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, रविवारी ठणठणीत

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा दुसरीत, जूनपासून नवीन शाळा, रोज सकाळी पोटात दुखतं आणि सासूबाई म्हणतात नाटकं करतो. माझी लेक आता नववीत आहे, पण दुसरीत असताना आमच्याकडे दोन महिने अगदी हेच चालू होतं.

ते दुखणं खरं असतं हो. भीती वाटली की अंगात अ‍ॅड्रेनलिन नावाचं हार्मोन सुटतं, छातीत धडधडतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, म्हणून मळमळ, कळ, सारखं शी-शूला जावंसं वाटणं. रविवारी भीती नाही म्हणून पोटही दुखत नाही, यात लबाडी कुठे आली? तरी एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवाच, त्यात रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा वजन उतरणं असेल तर अजिबात थांबू नका.

माझी चूक सांगते. ती रडली की मी घरी ठेवायचे, दहा मिनिटांत ती खेळायला लागायची आणि दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट, कारण मनाने एवढंच धरलं की गेले नाही म्हणून वाचले. मग एकदा नवऱ्याने वैतागून उचलून गेटच्या आत सोडली तर आठवडाभर रात्री झोपेना.

शेवटी पायरी पायरीने जमलं. वर्गाच्या बाई गेटवर घ्यायला यायला तयार झाल्या, आधी नुसते दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. मी पण आधी वर्गाच्या दारापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग गेटपर्यंतच. जिथे रडली तिथे अजून दोन दिवस थांबलो पण मागे आलो नाही. अडीच-तीन आठवडे गेले यात.

"तू घ्यायला येशील ना?" हे वीसदा विचारायची आणि मी वीसदा हो म्हणायचे. काउन्सेलर म्हणाल्या एकदाच उत्तर द्या, पुढच्या वेळी म्हणा "तुला माहितीये, तूच सांग बरं". दोन दिवस रडारड झाली, मग कमी झालं. "घाबरू नको, काही होत नाही" हे पण बंद केलं, त्याऐवजी "भीती वाटतेय ना, वाटू दे, तिला घेऊनच जाऊ". आणि रोज संध्याकाळी साबणाचे फुगे, फुगा मोठा करायला श्वास हळू आणि लांब सोडावा लागतो, त्यानेच धडधड उतरते. पण सवय शांत वेळी लावायची, ऐन रडण्यात नवीन काही शिकवायला गेलं तर जमत नाही.

हे सगळं करायच्या आधी शाळेत कोणी मारतं का, चिडवतं का ते बघा. समोर बसवून विचारलं तर सांगणार नाही. माझी लेक झोपताना अंधारात बोलली की शाळेतला संडास घाण असतो म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही!!

शाळा बुडतच राहिली तर काउन्सेलर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि आधी उद्याच वर्गाच्या बाईंना भेटा, काय म्हणाल्या ते इथे सांगा, मी वाट बघते.