मुलगा मदत करणाऱ्यांशी बोलत नाही, तेव्हा

जून संपता संपता विदर्भातल्या शाळा उघडतात आणि गावोगावी वह्या-दप्तरं वाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. त्यानंतर पोळ्यापर्यंत समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येत राहते. आजी म्हणते, “ज्यायनं एवढं देलं, त्यायच्यासमोर पोट्टं तोंड उघडत नाही.” मुख्याध्यापक म्हणतात, “पाहुणे आले की हा मुतारीत जाऊन बसतो.” देणगीदार म्हणतात, “आमचं काही चुकतंय का, की मुलालाच किंमत नाही?” मुलं बहुतेक बाप गेलेली असतात आणि त्यांचं ‘शैक्षणिक पालकत्व’ एखाद्या मंडळानं घेतलेलं असतं. मदत बंद होईल ही भीती घरच्यांना असते. मूल कृतघ्न निघालं ही खंत सगळ्यांनाच असते.

याचं उत्तर एका मुलाच्या निमित्तानं देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सारख्या अनुभवाच्या दोन-तीन मुलांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कोरडवाहू कापसाचं. मुलगा आठवीत. तो सहावीत असताना वडिलांनी आत्महत्या केली. आई रोजमजुरी करते, घर आजी सांभाळते. तालुक्याच्या गावातल्या एका मंडळानं त्याचं पालकत्व घेतलं होतं. वर्षाला १०,००० रुपये ठरले होते आणि ते देणारे निवृत्त बँक अधिकारी महिन्यातून एकदा त्याला भेटायला येत. मंडळात त्यांना ‘पालक सर’ म्हणत. ते येणार म्हटलं की मुलगा शेतात निघून जाई.

आजीनं येतानाच पुरावा आणला होता. “पाहा ताई, कोरं दप्तर. चार दिवसांत ब्लेडनं खरडलं यानं. हे घेऊन त्या सायबासमोर उभं कसं राहाचं? उद्या त्यायनं हात काढला तं याची माय काय करन?”

मुलगा खाली मान घालून बसला होता. मी दप्तराचं नाव काढलं नाही. बाप गेलेल्या मुलाला आल्या आल्या जाब विचारला की ते आतून कडी लावून घेतं, आणि मग ती कडी महिना महिना निघत नाही. मी सुट्टीत काय करतोस एवढंच विचारलं.

“पंप खोलतो.”

“फवारणीचा? काय बिघडतं त्यात?”

“वायसर घासते. मंग दाब धरत नाही. लोक म्हणते नवा घ्या. नवा नाही लागत, वायसर बदललं की होते.”

त्याचं त्या दिवसातलं हे सगळ्यात लांब बोलणं. मी ते लिहून ठेवलं, कारण पुढे त्याच्यासाठी माणूस कसा शोधायचा ते त्यातच होतं. (फवारणीचा पंप मात्र मुलांच्या हाती नको, धुतलेला असला तरी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, हे इथल्या कुणाला नव्यानं सांगायला नको. त्याचा हात आम्ही सायकलीकडे आणि विजेच्या मोटारीकडे वळवला.)

नंतरच्या एका भेटीत दप्तर टेबलावर होतं. मी ते उजेडात धरून नीट पाहिलं. रागानं ब्लेड चालवलं असतं तर कापड फाटलं असतं, निदान चार ठिकाणी भोकं पडली असती. इथे एका ओळीतली अक्षरं तेवढी निघाली होती आणि कापड शाबूत होतं.

“हे सावकाश केलेलं काम आहे,” मी म्हटलं. “किती वेळ लागला?”

“दोन रात्री.”

“काय लिहिलं होतं?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मीही गप्प राहिले. मग त्यानं एकच शब्द उच्चारला. “आत्महत्याग्रस्त.”

आणि लगेच दप्तर माझ्याकडे सरकवत म्हणाला, “मंडळाचं नाव नाही काढलं मी. पाहा ना. ते ठेवलं.”

खरंच, खालच्या ओळीत मंडळाचं नाव जसंच्या तसं होतं. ज्यांनी दिलं त्यांचं नाव त्यानं राखलं होतं आणि बापाच्या मरणाचा शब्द तेवढा काढला होता. दोन रात्री, कापडाला धक्का न लावता. दप्तर त्याला हवं होतं. पालक सरांबद्दलही त्याच्या मनात राग नव्हता.

“माईकवरही तेच म्हणते,” तो पुढे म्हणाला. “बाबाचं नाव कोणी घेत नाही. तेवढंच म्हणते.”

मी बाहेर बसलेल्या आजीला आत बोलावलं आणि त्याच्याच तोंडून तिला ते सांगायला लावलं. आजी दप्तराकडे पाहत राहिली. “मले कुठं वाचता येते ताई. मले वाटलं, देवाचं नाव असन.” मग नातवाकडे वळून म्हणाली, “बरं केलं बापू तू.” त्या घरात वडिलांबद्दल दोन वर्षं कुणी बोललं नव्हतं. त्या दुपारी आजी आणि नातू माझ्यासमोरच बोलू लागले: वडील बैल कसे धुवायचे, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी त्यांनी स्वतः कसा रंगवून दिला होता. मी मधे एक शब्दही बोलले नाही. समुपदेशकाला गप्प राहणं जमलं पाहिजे, आणि ते मी कमावलं आहे असं मला वाटतं.

मला या कामात जे उमगलं ते असं. बाप गेलेलं मूल मदत घ्यायला तयार असतं, पण मदतीसोबत आलेली ओळख त्याला नको असते. मदत करणारा माणूस आला की गावाला त्या मरणाची आठवण होते, आणि मग मुलाला त्या माणसाचा चेहराच नकोसा होतो. त्यात त्याला “थँक्यू म्हण” म्हटलं की बापाच्या मरणाबद्दलच आभार मानल्यासारखं त्याला वाटतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचं मूल आणि आधार यांबद्दलचं म्हणणं मी मानते. पुन्हा पुन्हा, ठरल्या वेळी परत येणाऱ्या माणसामुळे मूल सावरतं. तो विश्वास बसायच्या आधी कृतज्ञता मागू नये, आणि बसल्यावर ती मागावी लागत नाही.

पालक सरांशीही बोलणं झालं. ते दुखावले होते. “दोन वर्षं करतोय मॅडम, एकदा नजर वर करून पाहिलं नाही त्यानं.” मी विचारलं, “तुम्हाला नक्की काय कळायला हवंय?” थोडा विचार करून म्हणाले, “पैसा कामी येतोय का, एवढंच.” मी म्हटलं, ते मुलानं का सांगायचं? वर्षातून दोनदा शाळेनं आणि मंडळानं मिळून एक पान लिहावं: हजेरी किती, काय घेतलं, पुढच्या सहा महिन्यांत काय लागेल. मुलाला स्वतःहून दोन ओळी लिहायच्या असतील तर लिहील. सरांना हे लगेच पटलं. दप्तरावर काय छापलंय ते त्यांनी कधी वाचलंच नव्हतं, मंडळानं ठोक छापून घेतलं होतं.

आता मंडळांसाठी. विदर्भात गणेश मंडळं, शिक्षकांचे गट, व्यापाऱ्यांच्या संघटना हे काम मनापासून करतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पैसा देणारा आणि भेटणारा माणूस एकच नको. भेटणाऱ्याच्या हातात पैसा असला की मूल त्याच्याशी खरं बोलत नाही, नापास झालेला पेपर लपवतं. या मुलासाठी शेजारच्या गावचे मोटार रिवाइंडिंग करणारे काका निवडले. शिक्षण दहावी, पण हातात कला आणि जिभेवर ताबा. भेट दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, शाळा सुटल्यावर दीड तास, जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर. समोरासमोर बसून मुलगे बोलत नाहीत. शेजारी बसून सायकलचं चाक काढताना बोलतात. पहिल्या सहा भेटींत घरचा विषय काकांनी काढायचा नाही, मुलानं काढला तर ऐकायचं, असं ठरलं.

कामात काय बिघडतं ते ठरलेलं आहे. ऑगस्टमध्ये उत्साहानं आलेली मंडळी दिवाळीनंतर दिसत नाहीत. त्याच दिवसांत कापूस वेचणी जोरात असते. मजुरी किलोवर मिळते, म्हणून मुलंही शाळा बुडवून वेचायला जातात. म्हणजे जेव्हा माणूस हवा, तेव्हाच तो नसतो. वेचणीच्या दिवसांत भेट संध्याकाळी ठेवा, अर्धा तास करा, पण मोडू नका. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करून मुलाला स्वतःला सांगा, आईकडे निरोप ठेवू नका. अमेरिकेत ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी २००२ साली मूल आणि त्याला नियमित भेटणारा मोठा माणूस अशा जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला होता, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटला होता. मी इथे तेच पाहते. ज्याला वर्षभर येणं शक्य नाही त्यानं वह्या द्याव्यात, नातं सुरू करू नये.

एका माणसाकडे एक मूल, फार तर दोन. मोबाइल भेट देऊ नये. आई तीन वर्षांत जे देऊ शकत नाही ते परक्यानं एका दिवसात दिलं की घरात आईचा शब्द चालेनासा होतो. बंद खोलीत भेट नको, मुक्कामी नेणं नको, आणि भेटीची वेळ-जागा आई व शाळा दोघांना माहीत हवी. माणूस निवडताना पोलिस पडताळणी करून घ्या, ओळखीचा असला तरी. मुलाच्या बाबतीत लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मंडळाची बदनामी होईल म्हणून थांबता येत नाही. अडचणीच्या वेळी १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलालाही पाठ हवा.

पैसा कुठे लागतो हेही नीट पाहा. आठवीपर्यंत शाळेत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात आणि पोषण आहार असतो. नववीत दोन्ही थांबतं. मुलींना एस.टी.चा पास बारावीपर्यंत मोफत आहे, मुलांना सवलतीत पण विकत घ्यावा लागतो. म्हणून नववीत मुलगे गळतात. पहिलीच्या मुलाला तिसरं दप्तर देण्यापेक्षा ही रक्कम नववीसाठी ठेवा. आठवीत असेल तर एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. मुलगा सरकारी किंवा अनुदानित शाळेत असावा आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आमच्या मुलाला काकांनी या परीक्षेच्या पेपरमधली आकृत्यांची गणितं शिकवली नाहीत, ती त्यांना येत नव्हती, पण दर शनिवारी “किती झाली?” म्हणून विचारलं, आणि मुलानं ती केली.

राज्याच्या बाल संगोपन योजनेत वडील नसलेल्या मुलाला दरमहा २,२५० रुपये मिळतात. पुष्कळ घरांना हे माहीतच नसतं. मंडळानं दहा हजार देण्याआधी हा अर्ज भरून दिला तर त्याहून दुपटीपेक्षा जास्त रक्कम हक्कानं घरात येते. वडिलांचा मृत्यू दाखला, आईचं आणि मुलाचं आधार, शाळेचा बोनाफाइड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि बँक पासबुक एवढे कागद जमवा. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जातो, आदेश बाल कल्याण समिती देते. अडतं बहुधा नावाच्या स्पेलिंगवर: आधारवर एक, दाखल्यावर दुसरं. ते आधी जुळवा.

आजीचा एक प्रश्न राहिला होता. मंडळाच्या कागदावर तिचा अंगठा घेतला होता. “दत्तक घेतलं म्हणते. उद्या पोट्टं घेऊन तं जानार नाही ना?” हा प्रश्न बायका फार दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट सांगते. मंडळाच्या फॉर्मवरच्या अंगठ्यानं मूल कुणाचं होत नाही. बाल न्याय कायद्याखाली परक्या कुटुंबात दत्तक जाण्यासाठी बाल कल्याण समितीनं मूल दत्तकासाठी मुक्त असल्याचं जाहीर करावं लागतं, ‘कारा’ या केंद्रीय दत्तक संस्थेच्या पोर्टलवरून पालक ठरतात आणि १ सप्टेंबर २०२२ पासून अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. आईनं स्वतः समितीपुढे मूल स्वाधीन केलं तरी फेरविचाराला ६० दिवस मिळतात. मात्र अनाथ किंवा टाकून दिलेलं बाळ कुणी परस्पर दिलं-घेतलं, तर तो गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मंडळांनी फॉर्मवर ‘शैक्षणिक मदत’ एवढंच लिहावं आणि अंगठा घेण्याआधी तो वाचून दाखवावा.

मुलगा आता नववीत आहे. मंडळाची या वर्षीची दप्तरं कोरी आली. रक्कम त्याच्या आणि आईच्या संयुक्त खात्यात तीन हप्त्यांत येते: जूनअखेर पुस्तकं आणि गणवेशासाठी, दिवाळीनंतर पाससाठी, आणि फेब्रुवारीत परीक्षेच्या तोंडावर. पालक सरांशी तो अजूनही फार बोलत नाही. गेल्या वेळी त्यांच्या स्कूटरचा ब्रेक सैल आहे एवढं त्यानं सांगितलं आणि घट्ट करून दिला.

मंडळाशी आता माझं बोलणं चालू आहे ते बारावीबद्दल. १८ वर्षं पूर्ण झाली की बाल संगोपनाचे पैसे थांबतात, आणि बऱ्याच मुलांची अठरा नेमकी बारावीच्या वर्षात भरतात. त्या वर्षासाठीची रक्कम नववीपासूनच थोडी थोडी बाजूला टाकावी, आणि काकांनीही तोवर यावं, अशी मागणी मी बैठकीत मांडली आहे.