कपाशी गेली, घरात आजारपण आहे. प्रार्थना करूनही आनंद वाटत नाही, माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही, अजिबात नाही. हे मनातून काढून टाका. बायबलमधलं १३वं स्तोत्र उघडा. सहाच वचनांचं आहे, आणि सुरुवातीलाच देवाला चार वेळा विचारलंय, अजून किती दिवस? असा जाब विचारणं हीसुद्धा प्रार्थनाच.

शेतकऱ्याने तर बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३रा अध्याय वाचायलाच हवा. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत, असं तो एकेक करून सांगतो. गुलाबी अळीने पोखरलेलं बोंड फोडून पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. आणि १८व्या वचनात तो म्हणतो, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. नुकसान त्याने लपवलं नाही, पीक परत आलं असंही तिथे लिहिलेलं नाही. मला हेच फार मोलाचं वाटतं. येशूचा प्रेषित पौल यानेही फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्रात ‘आनंद करा’ लिहिलं ते कैदेतून.

आमच्या नवापूरकडे संध्याकाळी ओट्यावर चार घरची माणसं प्रार्थनेला जमतात. तुमच्याकडेही जमत असतील तर जा. गाणं म्हणवत नसेल तर नुसतं बसा, बाकीचे म्हणतील. चर्चच्या पाळकांना पिकाचं, कर्जाचं खरं खरं सांगा. आजारी माणसाचं औषध मात्र प्रार्थनेच्या भरवशावर बंद करू नका. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर आजच घरच्यांना सांगा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.