वाचकांचे प्रश्न : कोल्हापूर पाहताना कोणती लेन्स?

प्रश्न : डिसेंबरच्या सुटीत आई-वडिलांना घेऊन मी दोन दिवसांसाठी कोल्हापूरला येणार आहे. अंबाबाईचे दर्शन, नवा राजवाडा, भवानी मंडप आणि रंकाळा एवढे नक्की आहे. माझ्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेल्या १८-५५ व ७०-३०० मिमी अशा दोन लेन्स आहेत. मंदिरात आणि संग्रहालयात प्रकाश कमी असतो म्हणून ५० मिमी एफ/१.८ घ्यावी, असे मित्र सांगतात. दुकानदार मात्र १०-२० मिमीच्या वाइड लेन्सचा आग्रह धरतो. एकच लेन्स घेणे परवडणार आहे. कोणती घ्यावी, आणि बरोबर काय काय आणावे? — एक वाचक, अमरावती

उत्तर : आपल्या मित्रांचा सल्ला ज्या कारणावर उभा आहे, ते कारण कोल्हापुरात लागू पडत नाही. अंबाबाईच्या मंदिरात छायाचित्रणास मनाई आहे, आणि नव्या राजवाड्यातील शहाजी छत्रपती संग्रहालयाच्या दालनांतही छायाचित्रे काढू दिली जात नाहीत. म्हणजे ज्या दोन अंधाऱ्या जागांसाठी आपण खर्च करणार होता, तेथे कॅमेरा पिशवीतच राहणार आहे. देवीच्या मूर्तीवर मावळतीची किरणे पडतात तो किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत असतो, त्यामुळे डिसेंबरच्या बेतात त्याचाही विचार करण्याचे कारण नाही.

तरीही जास्त प्रकाश घेणारी एक लेन्स आपण घ्यावी, असेच माझे मत आहे. फक्त ती ५० नव्हे, ३५ मिमी एफ/१.८ असावी. (मिमीचा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद, आणि एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त.) कमी प्रकाशातले खरे कोल्हापूर मंदिराबाहेर आहे. दिवे लागल्यानंतरचा महाद्वार रोड, चपलांच्या दुकानांतील लोंबत्या जोडांच्या रांगा, गंगावेशीतील दूध कट्ट्यावर ग्राहकासमोर धार काढून दिले जाणारे दूध, सकाळी मिसळीच्या दुकानात कटाच्या पातेल्यावरून उठणारी वाफ, आणि वस्तादांनी परवानगी दिली तर एखाद्या तालमीचा हौदा (कुस्तीचा आखाडा), या सगळ्या जागा अंधुक आणि मुख्य म्हणजे अरुंद आहेत. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपटीने लहान असल्यामुळे त्यावर ५० मिमीची लेन्स ७५ मिमीसारखे दृश्य दाखवते, तर ३५ मिमीची ५२ मिमीसारखे. व्यवहारात याचा अर्थ असा की दोन मीटर रुंदीचे दृश्य, म्हणजे बाकावर बसलेले आई-वडील आणि समोरच्या थाळ्या, चौकटीत घेण्यासाठी ३५ मिमीला तीन मीटर मागे जावे लागते आणि ५० मिमीला सव्वाचार मीटर. मिसळीच्या दुकानात सव्वाचार मीटर मागे जाणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन बसतो.

प्रकाशाचा हिशेबही पाहून ठेवावा. आपल्या १८-५५ लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, ३५ मिमीच्या आसपास एफ/४.५ पेक्षा फारसे अधिक उघडत नाही. एफ/१.८ ला त्याच्या सहापटीहून थोडा जास्त प्रकाश आत येतो. जेथे शटर स्पीड १/१५ सेकंद ठेवावा लागला असता, तेथे तो १/९० च्या आसपास ठेवता येतो. आपल्या १८-५५ मध्ये व्हीआर (हाताचा कंप सावरणारी सोय) असले, तर हात हलल्याने येणारा धूसरपणा ते कमी करते हे खरे. परंतु धार काढणाऱ्याचा हात किंवा हौद्यातला पैलवान त्याने स्थिर होत नाही, त्यासाठी शटरच वेगवान हवे. मात्र एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारी खोली फार थोडी असते, म्हणून दोन माणसे पुढेमागे बसलेली असतील तर एफ/२.८ किंवा एफ/४ पर्यंत यावे आणि उरलेली कसर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवून भरून काढावी. थोडा दाणेदार झालेला फोटो पाहवतो, हललेला फोटो कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

आता दुकानदाराच्या १०-२० मिमीविषयी. लेन्स चांगली आणि हलकी आहे, पण तिचा खर्च या सहलीने भरून निघेल असे मला वाटत नाही. दहा मीटर अंतरावरून १८ मिमीला सुमारे तेरा मीटर रुंदीचे दृश्य येते आणि १० मिमीला साडेतेवीस मीटरचे; फरक मोठा आहे, यात शंका नाही. परंतु नव्या राजवाड्यासमोर मागे सरकायला प्रशस्त आवार आहे, आणि भवानी मंडपाच्या चौकातही पावले मागे घेता येतात. मागे जाता येत असताना जवळ उभे राहून वाइड लेन्सने काढलेल्या चित्रात निम्मी चौकट फरसबंदी, दुचाक्या आणि तारांनी भरते, आणि इमारत मात्र दूर कुठेतरी लहान होऊन बसते. शिवाय उंच वास्तूसाठी कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा वरच्या टोकाला जवळ येऊ लागतात. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार काळ्या दगडात बांधलेल्या आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेल्या नव्या राजवाड्याचा घड्याळाचा मनोरा उंच आहे, आणि त्याच्या कडा जितक्या ठळक, तितका हा दोष डोळ्यांत भरतो. दूर जाऊन, कॅमेरा शक्य तितका सरळ धरून, २४ ते ३५ मिमीच्या दरम्यान काढलेले चित्र येथे अधिक भारदस्त येते. जेथे खरोखरच मागे भिंत असेल तेथे मोबाइलचा ‘०.५’ कॅमेरा वापरावा. बहुतेक फोनमध्ये तो साधारण १३ मिमीइतके रुंद दृश्य देतो आणि आपल्या कॅमेऱ्यावर १० मिमीची लेन्स १५ मिमीइतके. दिवसाउजेडी एवढ्याने भागते.

काळ्या दगडाचा विषय निघालाच आहे म्हणून एक सूचना. चौकट गडद दगडाने भरली की कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर फसते आणि दगड राखाडी दिसू लागतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ किंवा गडद करण्याची सोय) अर्ध्या ते एक स्टॉपने उणे केले (एक स्टॉप उणे म्हणजे प्रकाश निम्मा) की तो पुन्हा काळा होतो.

राहिली ७०-३००. तिच्यासाठी कोल्हापूर शहरात माझ्या मते एकच हमखास जागा आहे, ती म्हणजे संध्याकाळचा रंकाळा. सूर्य तळ्यापलीकडे मावळताना दिसेल अशा पूर्वेकडच्या काठावर सहाच्या आधी पोहोचावे. सेन्सरवर सूर्यबिंबाचा व्यास फोकल लेंथच्या (लेन्सच्या मिमीच्या आकड्याच्या) साधारण एकशेदहाव्या भागाइतका पडतो. त्यामुळे ३०० मिमीला ते बिंब चौकटीच्या उंचीच्या सहाव्या भागाहून थोडे मोठे येते, आणि १८ मिमीला जेमतेम एक ठिपका. संध्यामठ या तेथील जुन्या वास्तूचे खांब किंवा पाण्यावरचा एखादा पक्षी पुढे घेऊन मागे मोठे बिंब हवे असेल, तर या लेन्सला पर्याय नाही. मात्र सूर्य प्रखर असताना व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नये. टेलिफोटोतून थेट सूर्याकडे पाहणे डोळ्यांना घातक असते. लाइव्ह व्ह्यू सुरू करून मागच्या पडद्यावर चौकट जुळवावी, आणि तीसुद्धा बिंब तांबूस झाल्यावरच. आपल्या मुक्कामात खासबाग मैदानात कुस्त्या असतील तर तेथेही हीच लेन्स कामाला येईल. शाहू महाराजांच्या काळात बांधलेले हे मैदान वाटोळे असून प्रेक्षक चहूबाजूंनी उतारावर बसतात, त्यामुळे पुढच्या माणसाचे डोके आड येण्याची भीती कमी. उजेड असेपर्यंत १/५०० सेकंद मिळेल असा आयएसओ ठेवावा.

आई-वडील बरोबर असताना रस्त्याच्या कडेला उभे राहून लेन्स बदलत बसणे त्यांनाही कंटाळवाणे होते आणि आपल्यालाही. म्हणून सकाळी १८-५५ लावूनच बाहेर पडावे, दुपारी विश्रांतीसाठी खोलीवर आल्यावर ३५ मिमी चढवावी, आणि ७०-३०० केवळ रंकाळ्याच्या संध्याकाळी पिशवीत घ्यावी. ३५ मिमीचे वजन जेमतेम २०० ग्रॅम आहे. निघण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहावी : मागच्या सहलीतील आवडलेली छायाचित्रे काढून प्रत्येकाची फोकल लेंथ तपासावी. ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटोच्या माहितीत दिसते. त्यातली बहुतेक चित्रे ५० ते ५५ मिमीची निघाली, तर आपल्या नजरेला जवळचे आवडते असे समजावे आणि माझा सल्ला बाजूला ठेवून मित्रांची ५० घ्यावी.

प्रश्न : जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाचे फोटो काढायचे आहेत. दोन लेन्स न्याव्यात की १८-१४० मिमीची एकच? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एकच, आणि ती घरीच लावून निघावी. यात्रेच्या दिवशी जोतिबाच्या, म्हणजे वाडी रत्नागिरीच्या, डोंगरावर हवेतच गुलाल असतो. तेथे लेन्स काढणे म्हणजे सेन्सरवर गुलाल उधळणे होय. १८-१४० मिमीला सासनकाठ्यांची (यात्रेतल्या उंच काठ्यांची) पूर्ण उंचीही घेता येते आणि गर्दीतला एखादा रंगलेला चेहराही. लांबच्या टोकाला तिचे अ‍ॅपर्चर एफ/५.६ पर्यंतच उघडते, पण चैत्रातल्या उन्हात ते पुरेसे आहे. एरवी मी समोर यूव्ही फिल्टर लावण्याच्या बाजूचा नाही, कारण चांगल्या काचेपुढे साधी काच लावल्याने समोरून येणाऱ्या उजेडात चमक वाढते. पण गुलालाच्या दिवशी तो अवश्य लावावा. झूम करताना पुढे सरकणारी लेन्सची नळी बाहेरचा गुलाल आत ओढते, म्हणून कॅमेऱ्याला प्लॅस्टिकचे आवरण घालून ते नळीवरही यावे. घरी आल्यावर ओले फडके मुळीच लावू नये. आधी मऊ ब्रशने झटकावे, मग हाताच्या ब्लोअरने फुंकर द्यावी, आणि हे सर्व उरकल्यावरच लेन्स काढावी. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे कण उडतात आणि ओला झालेला गुलाल चिकटून बसतो.

प्रश्न : ओळखीच्या एका छायाचित्रकाराकडून जुनी निकॉन एएफ ३५ मिमी एफ/२ डी लेन्स स्वस्तात मिळते आहे. माझ्या डी३५०० वर ती चालेल का? — एक वाचक, कागल

उत्तर : बसेल, मीटरही चालेल, परंतु ऑटोफोकस होणार नाही. त्या लेन्सला फोकससाठी कॅमेऱ्यातील मोटार लागते आणि डी३५०० मध्ये ती नाही. हाताने फोकस करताना व्ह्यूफाइंडरमधील हिरवा ठिपका मदत करतो. उभ्या इमारतींना तेवढे पुरते, रस्त्यावरच्या चालत्या माणसांना नाही. लेन्सवरील अ‍ॅपर्चरची कडी एफ/२२ वर आणून तेथेच अडकवून ठेवावी, अन्यथा कॅमेरा चूक दाखवून फोटो घेणार नाही. व्यवहारापूर्वी लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा झोत पाडून आत जाळीसारखी बुरशी दिसते का, हे पाहावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हटकून धरते, आणि काचेला खोलवर लागलेली बुरशी साफ करण्याचा खर्च लेन्सच्या किमतीवर जातो.