शाळेतल्या ख्रिस्ती मुलांमध्ये नेतृत्व कसं तयार करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रत्नागिरीकडच्या शाळेत शिकवता, ख्रिस्ती मुलं मोजकीच, दरवर्षी तीन दिवसांचं नेतृत्व शिबिर होतं, मुलं तिकडून अगदी भारावून येतात आणि पंधरा दिवसांत सगळं जिथल्या तिथे, मग ही मुलं पुढे येणार कशी असं तुम्ही विचारलंय. मी वसईची. मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली चौदा वर्षं आठवी-नववीच्या मुलांचा गट बघते, म्हणून जे स्वतः करून बघितलंय तेच सांगते.

सुरुवातीला मी पण तेच केलं जे सगळे करतात. पहिल्या पाचात येणारी, मिस्सात म्हणजे चर्चमधल्या उपासनेत वाचन करणारी, माइकला न घाबरणारी मुलं निवडली, भाषणं बसवून घेतली, सूत्रसंचालन शिकवलं, शिबिराला नेलं. तीन वर्षांनी बघितलं तर मुलं बोलायला लागली होती छान, पण मी सांगितल्याशिवाय एक काम होत नव्हतं आणि बाजूच्या बाकावरच्या मुलाने चार दिवस डबा आणला नाही हे त्यातल्या कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ते मला फार लागलं. शिष्यांमध्ये मोठा कोण म्हणून वाद झाला तेव्हा येशूने काय सांगितलं ते मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सगळ्यांचा सेवक व्हावं. आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याने स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पवित्र गुरुवारी दरवर्षी आपण हे बघतो आणि सोमवारी शाळेत येऊन मुलांना स्टेजवर उभं राहायला शिकवतो. नेता म्हणजे ज्याला दुसऱ्याची अडचण आधी दिसते तो, एवढं एक पकडलं आणि मग बाकीचं बदलत गेलं.

पद्धत माझी नाही. जोसेफ कार्डिन नावाचे बेल्जियमचे एक धर्मगुरू होते, कारखान्यात जाणाऱ्या तरुण मुलामुलींबरोबर काम करायचे, १९२५ मध्ये त्यांची तरुण कामगारांची संघटना उभी राहिली. त्यांचं सूत्र तीन शब्दांचं, पाहा, पारखा, कृती करा. पुढे १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात याच तीन पायऱ्या सांगितल्या. विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर यंग ख्रिश्चन स्टुडंट्स म्हणजे वायसीएस आहे, आपल्या देशात पण चालतं. मोठ्या माणसाला त्यात अॅनिमेटर म्हणतात आणि त्याने कमी बोलायचं असतं, हेच सगळ्यात कठीण, निदान आम्हा शिक्षकांना तरी.

आता प्रत्यक्षात कसं होतं ते एका उदाहरणाने सांगते. शुक्रवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास आम्ही प्रयोगशाळेत बसतो. नवा गट होता, नऊ मुलं, मी विचारलं की या आठवड्यात घरून शाळेत येताना काय खटकलं. कोणीच बोलेना. पूर्वीची मी असते तर लगेच चार विषय फळ्यावर लिहिले असते, त्या दिवशी ठरवून गप्प बसले, पाच-सहा मिनिटं तरी गेली असतील, पंख्याचा आवाज सोडून काही नाही. मग कोपऱ्यातला एक मुलगा, वडील पालेभाजी लावतात, वर्गात कधी हात वर न करणारा, तो म्हणाला की बाई आमच्या वाडीमागच्या बावखलात भराव पडतोय.

तुमच्याकडे बावखल म्हणत नसतील. वसईत वाड्यांमध्ये खोदलेली गोड्या पाण्याची तळी असतात, पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, त्यामुळे आजूबाजूच्या विहिरींना पाणी राहतं आणि खारं पाणी वर चढत नाही. पूर्वी पानवेल, केळी, फुलं सगळी या पाण्यावर व्हायची. आता इमारती वाढल्या तशी बावखलं बुजत चाललीत, आणि २०१८ च्या जुलैमध्ये वसईत पाणी तुंबलं तेव्हा ही मुलं लहान होती पण घरात शिरलेलं पाणी त्यांना आठवतं.

तर "पाहा" म्हणजे काय, तर मुलांनी तीन शुक्रवार नुसतं फिरून मोजलं. सुतळीला दगड बांधून खोली घेतली (दोन मोठी माणसं बरोबर होती आणि पाण्यात उतरायचं नाही हा नियम होता), कोणाची जागा, पाणी कोण वापरतं, काय काय टाकलेलं आहे ते वहीत लिहिलं. म्हाताऱ्या माणसांना जाऊन विचारलं, त्यात दोन आज्या अशा भेटल्या ज्या फादर दिब्रिटोंच्या हरित वसई या पर्यावरण चळवळीच्या मोर्चात चालल्या होत्या, त्यांनी मुलांना दोन तास सोडलंच नाही.

आणि तिसऱ्या शुक्रवारी मुलांना बावखलाच्या कडेला थर्माकोल सापडला. निळा रंग दिलेला, त्यावर चांदण्या चिकटवलेल्या. एका मुलीने हातात घेतला आणि म्हणाली, हा आपल्या गोठ्याचा आहे, हे आकाश मी रंगवलंय. (गोठा म्हणजे नाताळला करतात तो येशूजन्माचा देखावा.)

तोपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात बिल्डर होता. त्या दिवशी कोणीच काही बोललं नाही. पुढच्या बैठकीत "पारखा" होतं, आम्ही योहानच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी बाई वाचली, येशू थकून विहिरीपाशी बसतो आणि तिच्याकडे पाणी मागतो तो भाग. मी एकच प्रश्न विचारला, आज तो आपल्या बावखलावर पाणी मागायला आला तर? मुलं जे बोलायचं ते आपसात बोलली, मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. पण ठरलं असं की भरावाबद्दल अर्ज द्यायचा तो देऊच पण आधी आपल्या घरापासून. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे हे पण त्यांनीच शोधून काढलं.

मग नाताळच्या आधी गावातल्या गोठा बांधणाऱ्या मंडळींची बैठक असते तिथे ही मुलं गेली. आणि उभा कोण राहिला तर तोच, पालेभाजीवाल्यांचा मुलगा. वही उघडून आकडे वाचले, पिशवीतून तो निळा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि आमच्या कादोडी बोलीत म्हणाला की हे आपलंच आहे. चाळीस-पन्नास मोठी माणसं शांत. त्या वर्षी गोठा पेंढ्याचा आणि झावळ्यांचा झाला. अर्जाचं म्हणाल तर नुसता पोच शिक्का मिळाला, भराव थांबला नाही, हे पण मुलांनी बघितलं आणि त्यावर पुन्हा बसली. मला ते पण महत्त्वाचं वाटतं, हरल्यावर पुन्हा बसणं.

तो मुलगा कादोडीत बोलला यावर जरा थांबते. घरची बोली बोलणारी मुलं प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत अडखळतात आणि आपण समजतो यांच्यात दम नाही. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू होते. तरुणपणी जेझुइट मिशनरींबरोबर जपानमध्ये राहिल्यामुळे तिथली भाषा त्यांना येत होती, म्हणून पुढे मिशनरींचे दुभाषे झाले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये संत झाले. लोकांची भाषा येणं ही केवढी ताकद आहे हे मी मुलांना त्यांच्यावरून सांगते. तुमच्या मुलांना मालवणी, कोकणी, आगरी जे येत असेल त्यात बोलू द्या, इतिवृत्त नंतर प्रमाण मराठीत लिहिता येतं.

मुलींकडे मुद्दाम लक्ष द्या. माइक मुलाकडे आणि रांगोळी-चहा मुलींकडे हे आपल्याकडे आपोआप होतं. आम्ही दर महिन्याला चिठ्ठ्या टाकतो, बैठक कोण चालवणार, वही कोण लिहिणार, झाडून कोण घेणार, ज्याचं नाव निघेल त्याने करायचं.

दुसऱ्या धर्माच्या मुलांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या शाळेत तीच जास्त असणार म्हणून सांगते. अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर संविधानाच्या २८ व्या कलमाप्रमाणे संमती लागते, मूल सज्ञान नसेल तर पालकांची. कायदा आहे म्हणूनच नाही, मनानेही ते बरोबर आहे. आमच्याकडे बावखलं मोजायला हिंदू आणि मुसलमान मुलंही होती, बायबल वाचायची बैठक आम्ही चर्चच्या हॉलमध्ये वेगळी घेतली. वायसीएसमध्ये पण सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी यंग स्टुडंट्स मूव्हमेंट आहेच.

आणि एक, यात तडजोड नको. बैठकीला नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं, पालकांना वेळ आणि जागा लिहून कळवलेली. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, तो मुलांनाही समजेल अशा शब्दांत सांगा.

शिबिर बंद करा असं मी म्हणत नाही. आम्ही पण घेतो, पण वर्षाच्या शेवटी, ज्यांनी वर्षभर काहीतरी केलंय त्यांच्यासाठी. दहावीला गेलेली मुलं अभ्यासामुळे सुटतात, त्यांना ओढू नका, फक्त जाण्याआधी आठवीच्या नव्या गटाची पहिली बैठक त्यांना घेऊ द्या.

तुमच्याकडे सहा मुलं असतील तरी पुरे. एक वही घ्या, येत्या शुक्रवारी बसा, येताना काय खटकलं तेवढंच विचारा आणि कोणी बोललं नाही तरी थांबा. काय निघालं ते मला नक्की कळवा.